उजव्या पावलाची जागा

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि कल्पना करा, की तुम्ही पेणहून रोह्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसला आहात. श्रावण संपत आलाय. डबा निम्मा रिकामा आहे, बाकांवर ओल्या छत्र्यांचे डाग पडलेत, आणि खिडकीबाहेरचं भात इतकं हिरवं आहे की थोडा वेळ पाहिलं तर डब्यातली माणसंही हिरवट दिसायला लागतात. तुमच्या समोरच्या बाकावर एक बाई बसली आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. मांडीवर जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं आणि त्या गाठोड्यावर दोन्ही हात. तिच्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. बाईचं नाव अनिता, मुलीचं किमया. किमया अनिताच्या भावाची, अमोलची मुलगी. आता असं करा, आपल्या जागेवरून उठा आणि कुणाला धक्का न लावता या अनिताच्या मनात जाऊन बसा. अवघडू नका. तिथे जागा आहे. खरं म्हणजे तिथली एक जागा कितीतरी वर्षं रिकामीच आहे, आणि ती कुणासाठी ठेवलेली आहे हे अनितालाही अजून माहीत नाही.

मनात शिरल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो मशीनचा आवाज. गाडीच्या चाकांचा ठेका आणि मशीनचा ठेका एकमेकांत मिसळलेत. हे मशीन पेणला रामवाडीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली असतं. भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन. पेनड्राइव्ह लावायचा, छोट्या पडद्यावर डिझाइन निवडायचं, गोल फ्रेममध्ये कापड ताणून बसवायचं आणि बटण दाबायचं. मग सुई एकाच जागी वरखाली होत राहते आणि कापड तिच्याखाली आपोआप पुढेमागे सरकतं. अनिताला सुरुवातीला याचं फार नवल वाटलं होतं. आयुष्यभर तिनं कापड धरून सुई फिरवली होती. इथे सुई उभी आणि सगळं जग तिच्याखालून चाललेलं. कापणं, शिवणं, कडेला गोंडे लावणं हे सगळं अजून ती हातानंच करते. लोक विचारतात, हे हातचं की मशीनचं? ती सांगते, दोघांचं. तिच्या पेनड्राइव्हमध्ये वर्षभराचे सण ओळीनं बसलेत. संक्रांतीचे पतंग, होळीच्या पिचकाऱ्या, पाडव्याची गुढी, गौरीची पावलं, दिवाळीच्या पणत्या. पण विकायच्या वस्तू सणाआधी तयार लागतात, म्हणून पतंग दिवाळीच्या सुमारास भरायचे, पिचकाऱ्या संक्रांतीत, आणि बाहेर आंब्याची साठं वाळत असताना घरात मोदक भरायचे. बाहेर जो महिना असतो तो अनिताच्या घरात कधी नसतोच. ती सतत दोन महिने पुढे असते. कधी कधी दुपारी मशीन थांबल्यावर खिडकीतून बाहेर बघताना तिला कळेनासं होतं, की हे ऊन कुठल्या महिन्याचं.

पहिल्या वर्षी तिनं नेटवरून ऋतूंच्या डिझाइनचा एक तयार संच घेतला होता. त्यात बर्फाची बाहुली होती, टोपीवाला भोपळा होता, आणि एक पान होतं, हाताच्या पंजासारखं, लालपिवळं. ते पान तिनं हौसेनं एका पिशवीवर भरलं आणि पिशवी आयला दिली. आयनं पिशवी उन्हात धरून पाहिली. "ह्ये कसलं पान गो? रोग पडलाय काय झाडावं?" मग अनिताचा चेहरा पाहून लगेच म्हणाली, "आसूं दे, आसूं दे. पिशवी चांगली हाय. सुकट ठेवीन." त्या पिशवीला शेवटपर्यंत सुकटीचा वास येत राहिला.

आयचं नाव सीताबाई. तिचे ऋतू वेगळे होते. खाडीकाठच्या गावात तिचा जन्म गेला आणि मिठागरात तिचे पाय. पावसाळा सरला की बांध नीट करायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडत सोडत आटवायचं, आणि उन्हं कडक झाली की तळाशी धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीनं ओढायचं. पाऊस आला की सगळं मिठागर पाण्याखाली जायचं आणि आय घरी असायची. म्हणून अनिताच्या लहानपणी पावसाळा म्हणजे आय. आयच्या लुगड्याचा दमट वास, चुलीपाशी वाळत घातलेली इरली, आणि आयचे पाय, ज्यांच्या भेगांतून मीठ कधी जात नसे. ही आय गेल्या पौषात गेली. अमोलचा फोन आला तेव्हा मशीनवर पिचकारी होती. अनितानं फोन ठेवला आणि पिचकारीतून उडणारे निळे थेंब पुरे होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. नंतर तिला स्वतःचीच भीती वाटली होती. पण मधेच मशीन थांबवलं तर धागा तुटतो, हे एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

गाडी कासूला थांबली. दोन बायका चढल्या, एक कोंबडी चढली, कोंबडी टोपलीतून बाहेर डोकावून पुन्हा आत गेली. किमयानं तिला वाकून पाहिलं आणि मग गाठोड्याकडे बोट केलं.

"आत्या, एक बघू?"

"हात पूस आधी."

किमयानं फ्रॉकला हात पुसले. अनितानं गाठोड्याची एक गाठ सैल करून वरचीच एक पायघडी काढून दिली. लांब पांढऱ्या कापडावर सात पावलं, कुंकवाच्या रंगाची, कडेनं जरीच्या धाग्याची बारीक रेघ. गौर घरात येते तेव्हा दारापासून तिच्या जागेपर्यंत पिठाची पावलं काढतात. हल्ली फरशीवर पीठ नको वाटतं, म्हणून बायका ही पायघडी अंथरतात. गौर यायला दहा दिवस होते. अशा एकवीस पायघड्या गाठोड्यात होत्या, रोह्याच्या पलीकडे अष्टमी गावात शांतीवहिनींच्या दुकानात द्यायच्या होत्या. किमयानं कापड मांडीवर पसरलं आणि एकेका पावलावर बोट टेकवत गेली. गाडी सुटली. अनिता बाहेर बघत होती.

"आत्या."

"काय गो?"

"ही गौर लंगडी घालत येते काय?"

"आँ?"

"सगळे डावेच पाय हायत ना. ह्यो डावा, ह्यो डावा, ह्योपण डावा." बोट सातव्या पावलापाशी थांबलं. "उजवा नायच."

काहीच झालं नाही. गाडी तशीच चालत होती, कोंबडीवाली बाई दुसरीला भावजयीबद्दल काहीतरी सांगत होती. फक्त अनिताला, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं वाटलं. तिनं कापड ओढून घेतलं. सात पावलं. सातही अंगठे उजवीकडे. सातही पावलांची आतली खोबण उजवीकडेच. तिनं गाठोड्यात हात घालून दुसरी पायघडी ओढली, तिसरी ओढली. महिनाभर ती या पावलांसमोर बसली होती. धागा बदलला होता, गाठी कापल्या होत्या, इस्त्री केली होती. एकदाही डोळ्यांना खटकलं नाही. असं कसं झालं? शिवणाऱ्या बाईला बाहीची डावी-उजवी झोपेतही कळते. मग तिच्या लक्षात आलं, की खटकलं नाही कारण हे असंच तिनं पाहिलेलं होतं. ही पावलं तिची नव्हतीच. ती आयची होती.

तुम्ही कधी मुठीनं पाऊल उठवलंय? मूठ वळायची, करंगळीकडची बाजू ओल्या पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. मूठ उचलली की खाली लहानसं पाऊल उरतं. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले की झाली बोटं. डाव्या मुठीनं डावं पाऊल उठतं, उजव्या मुठीनं उजवं. आयची उजवी मूठ वळत नसे. फार पूर्वी मीठ ओढताना फळीचा गंजका खिळा तिच्या तळहातात गेला, जखम खारात भिजत राहिली, आणि भरून आली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळच राहिलं. तो हात तिला ताक घुसळायला पुरे, पाणी ओढायला पुरे, पण पाऊल उठवायला नाही. म्हणून गौरीच्या दिवशी दारात आय डावं पाऊल उठवायची आणि शेजारी छोटी अनिता उजवं. आयचं मोठं, हिचं चिमुकलं. आय म्हणायची, "उठव." ही मूठ टेकवायची. मग दोघी एक वीत पुढे सरकायच्या. पीठ गार असायचं, आयच्या लुगड्याचं टोक ओलं असायचं, तेरड्याची गौर हातात धरून काकी मागे उभी असायची. उंबऱ्यातून कुणीतरी विचारायचं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" बाकीच्या घरांतून उत्तर यायचं, सोन्याच्या. आय म्हणायची, "मिठाच्या पावलांनी आली." आणि सगळे हसायचे.

हे सगळं नागोठणं येईपर्यंत अनिताच्या डोळ्यांपुढे आलं, आणि नागोठण्यानंतर जे आलं ते तिला नको होतं. ती अकरा वर्षांची असतानाची गौर. शेजारची जनी दारात उभी राहून पावलांकडे बघत होती. जनी वाईट नव्हती, तिला फक्त सगळं मोठ्यानं बोलायची सवय होती. "यांची गौर बघा गो! एक पाय आयचा नि एक पोरीचा! लंगडी गौर!" आळीतल्या पोरींनी ते उचललं. शाळेत जाताना, विहिरीवर, सगळीकडे. लंगडी गौर आली, लंगडी गौर गेली. पुढच्या वर्षी आयनं पीठ कालवलं आणि हाक मारली, "अनिते, ये गो." अनिता मागच्या पडवीत लाकडांच्या आडोशाला उभी होती. "माझा हात दुखतो," ती तिथूनच म्हणाली. आयनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. फटीतून अनिताला दिसत होतं. आयनं डावी मूठ टेकवली. बोटं काढली. मग ती थांबली, शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे बघत, एखाद्याला बोलायला वेळ द्यावा इतका वेळ. मग पुढे सरकली. पुन्हा मूठ, पुन्हा थांबणं. सात वेळा. अनितानं पुढच्या वर्षी हाताचं कारणही सांगितलं नाही. मग ते तसंच पडून गेलं. मग लग्न, मग पेण, मग नवऱ्याच्या कंपनीच्या शिफ्ट, मग मशीन. आणि गौरीच्या दिवसांत तर दिवाळीच्या पणत्या भरायच्या असतात.

गेल्या वर्षी अमोलनं मोबाइलवर फोटो पाठवला होता. फोटोत माणूस एकही नव्हतं, फक्त दारातली जमीन आणि आयची पावलं. आय गेल्यावर कधीतरी तो तिला पुन्हा सापडला आणि तिला वाटलं, यंदाची गौरीची पायघडी हीच. तिनं लॅपटॉपवर फोटो मोठा केला, एक पाऊल बारीक रेघेनं गिरवून घेतलं, त्याचं डिझाइन केलं, आणि मग फोटोतल्या अंतरांनीच सात वेळा मांडलं. किती काळजीनं मांडलं होतं! दोन पावलांत वीतभर अंतर, आणि प्रत्येक पावलाच्या उजव्या अंगाला बरोबर एका पावलाची मोकळी जागा. ती जागा कशासाठी हे तिनं स्वतःला विचारलं नाही. आयची ओळ आहे, तशीच यायला हवी, एवढंच. मशीननं ती जागाही इमानदारीनं सोडली. एक पाऊल पुरं झालं की मशीन थांबायचं, धागा कापायचं, आणि पुढच्या पावलाकडे सरकण्याआधी क्षणभर सुई हवेत धरायचं. महिनाभर अनिता ते थांबणं ऐकत होती.

रोह्याला उतरल्यावर पाऊस भुरभुरत होता. कुंडलिकेच्या पुलावर किमया एका पायावर उड्या मारत चालली. "आत्या, बघ, गौर आली! गौर आली!" नदी गढूळ होती, तुडुंब होती, आणि पुलाच्या खांबांना वळसे घालून अगदी सावकाश जात होती. किमयाची पावलं एकाच बाजूची, टप, टप, टप. "नीट चाल," अनिता म्हणाली. तिचा आवाज तिला जनीसारखा वाटला.

शांतीवहिनींनी दुकानाच्या पायरीवरूनच हात केला. "आलीस गो बाई! मी म्हटलं, आता गौर आधी येते का तू. आण, आण. ही कोण, अमोलची? केवढी झाली! खोबऱ्याची वडी खाशील ना?" त्यांनी बोलता बोलता गाठोडं सोडलं आणि एक पायघडी काउंटरवर सोडली. पिवळ्या दिव्याखाली जरीची रेघ चमकली.  शांतीवहिनींनी एका पावलावर हळूच तळवा ठेवला. "काय केलंस गो हे! आत्ताच कुणी उठवून गेल्यासारखं वाटतं. ही बाजूला ठेवते बघ, आमच्या सुनेसाठी, समीक्षासाठी. लग्नानंतरची पहिली गौर तिची. अख्खी आळी येणार बघायला."

त्यांना दिसलं नव्हतं. कुणालाच दिसणार नाही, अनिताला वाटलं. दिवे लावलेले असतील, गर्दी असेल, कोण पावलांचे अंगठे बघतंय? गाठोडं इथे ठेवावं, वडी खावी, दुपारच्या गाडीनं परत जावं. पणत्या वाट बघताहेत. तिनं तोंडात वडी घातली. ती गोड होती. एकवीस घरांच्या उंबऱ्यांवर एका पायाची गौर उभी राहील. कुठल्यातरी एका घरात एखादी किमया असेल आणि ती मोठ्यानं बोलेल. आणि मग एखादी नवी सून मान खाली घालेल, आणि सगळे जण हसतील, आणि ते हसणं आयच्या हाताला असेल. किमया वडी कुरतडत तिच्याकडे बघत होती.  

"वहिनी, ह्या नाय देता यायच्या."

"का गो?"

"सगळी डावी पावलं झालीत. चूक झाली माझी."

शांतीवहिनींनी चष्मा लावला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मग त्या हसायला लागल्या, काउंटरला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगो बाई! लंगडी घालत यायची नि माझ्या दारात आपटायची! समीक्षा म्हणेल, सासूबाई, गौरीला आधी डॉक्टरकडं न्या!" हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या. "पण बरं झालं बोललीस. पहिल्या गौरीला असलं काही झालं तर ती पोर जन्मभर ऐकत बसली असती. पण मधे जागा आहे की भरपूर. उजवी घाल ना शेजारी. मागे तो मोर तू उलटा करून दिला होतास, मशीनवर होतं ना ते?"

"होतं. एक बटण हाय."

"मग दाब की! शनिवारी आण. आणि वडी बांधून देते, पोरीनं अर्धीच खाल्ली."

परतीच्या गाडीत किमया झोपली. तिचं डोकं गाठोड्यावर होतं. अनिता मनातल्या मनात बटण दाबत होती. किती सोपं. काहीच उसवायला नको. आयनंच जणू सगळं आखून ठेवलं होतं. बाहेर तेच भात उलट्या दिशेनं जात होतं, तीच झाडं, तोच बांध; जाताना डावीकडे होतं ते आता उजवीकडे. पण ते सकाळचं नव्हतं. ते दुपारचं होतं, आणि कुठल्या महिन्यातलं, तर श्रावणातलं. अनिताला हे इतकं स्पष्ट कितीतरी दिवसांत कळलं नव्हतं.

रामवाडीतल्या खोलीत मशीनवर पिवळं ऊन आलं होतं. तिनं दारापासून मशीनपर्यंत एक पायघडी जमिनीवर अंथरली, नुसतं बघायला, आणि मग पडद्यावर आयचं पाऊल आणलं. आरशाचं चिन्ह असलेलं बटण. दाबलं. पाऊल फिरलं. अंगठा डावीकडे आला, खोबण डावीकडे आली; बिनचूक उजवं पाऊल. अनिता त्याच्याकडे बघत राहिली. करंगळीच्या जागी आयच्या डाव्या मुठीला एक जुना चरा होता, तो आता दुसऱ्या बाजूला आला होता. पण आयची उजवी मूठ तर अनितानं कधी वळलेली पाहिलीच नव्हती. ज्या हातात खिळा गेला, जो खारात भिजला, ज्यानं तिला न्हाऊ घातलं, त्या हाताची दोन बोटं सरळ होती. हे पाऊल कुणाचं? कुणाचंच नाही. मशीन तयार होतं, हिरवा दिवा लागला होता. एवढ्या सोप्या गोष्टीला आपला हात का उचलत नाही, हे तिला कळेना.

"हे कुणाचं?" किमयानं मागून विचारलं.

"आजीचंच. उलटं केलं."

"आजीचा उजवा असा नव्हता."

"माहीत हाय मला."

किमया कापडाच्या कडेला उकिडवी बसली आणि मोकळ्या जागांवर बोट फिरवू लागली. यंदा त्यांच्या घरी गौर येणार नव्हती. आजीला जाऊन वर्ष झालं नव्हतं. म्हणूनच तर ती आत्याकडे आली होती. "गेल्या वर्षी मी म्हटलं आजीला," ती कापडाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आजी, बाजूला मी उठवू? मला येतं. तर म्हणाली, नको गो, ती जागा तुझ्या आत्याची हाय. मी म्हटलं, आत्या तर आलीच नाय. तर म्हणाली, कामात आसल. येल कवातरी. मग काय म्हणशील तिला, जागा नाय?"

मशीनचा हिरवा दिवा तसाच होता. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. लाकडांच्या आडोशाला उभी असलेली मुलगी फटीतून बघत होती, आणि दारातली बाई शेजारच्या जमिनीकडे पाहत थांबली होती. अनिताला तेव्हा वाटलं होतं, की आय रागानं थांबते. चौतीस वर्षं तिला तसंच वाटत होतं.

"मला आता नाय येत गो," ती म्हणाली. खरंच तिला वाटलं, की येत नाही. तिनं उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं सरळ, उघडी.

मुलांनो, मग किमयानं काय केलं सांगू? ती उठली. आत गेली, डबे उघडझाक केले, आणि वाटीत तांदळाचं पीठ कालवून घेऊन आली. थोडं सांडलं, ते तिनं पायानं पुसलं. मग तिनं आत्याला मनगटाला धरून खाली बसवलं, तिचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट आत दुमडलं. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. ती दोन बोटं तिनं जरा जास्त वेळ दाबून धरली. मूठ तयार झाल्यावर पिठात बुडवली, आयच्या पहिल्या पावलाशेजारी नेली आणि म्हणाली, "उठव." अनितानं मूठ टेकवली. उचलली. कापडावर पाऊल होतं, पांढऱ्यावर पांढरं, ओलं. ते चिमुकलं नव्हतं. ते आयच्या पावलाएवढंच होतं. किमयानं आपल्या बोटाच्या टोकानं त्याला पाच बोटं दिली, अंगठा आतल्या बाजूला. मग दोघी वीतभर पुढे सरकल्या. अशी सात.

सातवं झालं तेव्हा किमया उठली आणि पुन्हा आत गेली. ओट्याच्या कोपऱ्यात आयनं शेवटी दिलेल्या जाड्या मिठाची बरणी होती, अनितानं कधी न उघडलेली. ती तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली, अनितासमोरून दाराबाहेर गेली, आणि वळली. क्षणभर उंबऱ्यावर उभी राहिली. मग कापडाच्या कडेकडेनं, गौर आणतात तशी सावकाश, खाली बघत, ती घरात आली. डावा पाय, उजवा पाय. डावा पाय, उजवा पाय.